हसवणारी नायिका : रंजना

मैत्रिणींनो, ‘बिनकामाचा नवरा’ हे नाव ऐकून हसू येत नाही अशी एखादी बाई तुमच्या ओळखीत आहे का? निदान आमच्या बोदवडला तरी नाही. नाव काढायचा अवकाश, शेजारीण आधी पदर तोंडाला लावते आणि मग आळीतल्या कोणाकडे तरी डोळ्यांनी खूण करते! हा सिनेमा १९८४ सालचा. त्यातले अशोक सराफ, निळू फुले सगळ्यांना पाठ आहेत. पण त्या नवऱ्याला पुरून उरणारी बायको कोण होती, असे नव्या सुनांना विचारा. क्षणभर थांबतात. “चेहरा डोळ्यांसमोर आहे हो, नाव तेवढं आठवत नाही,” म्हणतात.

ती रंजना. पुरते नाव रंजना देशमुख, पण पडद्यावर आडनावाची गरज तिला कधी पडली नाही. खरे म्हणजे तिला अहो-जाहो करायला हवे, पण जीभच वळत नाही. जी आपल्याला इतकी हसवते तिला आपण एकेरीतच बोलावतो, नाही का?

रंजनाचा जन्म १९५५ चा. सिनेमा घरातच होता. आई वत्सला देशमुख, त्यांना तुम्ही ‘पिंजरा’त पाहिले आहे. मावशी म्हणजे ‘पिंजरा’ची नायिका संध्या, आणि मावशीचे यजमान साक्षात व्ही. शांताराम. अशा घरातल्या मुलीला काय, दार सताड उघडेच, असे आपण चटकन म्हणतो. उघडे असते हे खरे. पण आत पाऊल टाकल्याबरोबर लोक मावशीशी तुलना करायला बसलेले असतात, त्याचे काय? १९७५ साली ‘चंदनाची चोळी अंग अंग जाळी’मधून ती नायिका म्हणून पुढे आली. १९७७ मध्ये शांतारामबापूंनी तिला ‘चानी’ दिली. कादंबरी चिं. त्र्यं. खानोलकरांची, गाव कोकणातले, आणि मुलगी गोऱ्या साहेबाच्या रक्ताची म्हणून सगळ्यांनी दूर लोटलेली. पाठोपाठ १९७८ ची ‘सुशीला’. एवढ्यावर कोणीही म्हणाले असते, ही पोरगी प्रेक्षकांना रडवायलाच जन्मली आहे.

आणि नायिकेचे काम तेव्हा तेच होते ना! सुंदर दिसायचे, सोसायचे, मधे दोन गाणी म्हणायची. हसवण्यासाठी वेगळी बाई ठेवलेली असे. जाडी मावशी, खाष्ट सासू, नाहीतर नायिकेची चोंबडी मैत्रीण. १९३८ च्या ‘ब्रह्मचारी’त मीनाक्षी शिरोडकर मास्टर विनायकांच्या बरोबरीने उभ्या राहिल्या, पण लोकांनी लक्षात काय ठेवले? त्यांचा पोहण्याचा पोशाख! पुढे हिंदीत आपली शुभा खोटे गेली. पोहण्यात आणि सायकलीत तरबेज असलेली ही मुलगी १९५५ च्या ‘सीमा’पासून दिसू लागली. मेहमूद आणि धुमाळ यांच्याबरोबर तिचे त्रिकूट असे जमले की लोक थिएटर डोक्यावर घेत. पण पोस्टरवर मोठा चेहरा दुसरीचाच असायचा.

रंजनाने ही दोन्ही खाती एकाच चोपडीत आणली. नायिकाही तीच आणि हसवणारीही तीच.

१९८१ ते १९८४ ही तीन-चार वर्षे पाहा. ‘अरे संसार संसार’मध्ये ती शेतकऱ्याची बायको झाली. त्या सिनेमाचे नाव आपल्या असोद्याच्या बहिणाबाईंच्या शब्दांचे, आणि त्यातले तिफणीचे गाणे विठ्ठल वाघांचे, त्यामुळे खानदेशातल्या बाईला तो माहेरचाच वाटतो. हे काम गंभीर. त्याला लागूनच १९८२ चा ‘एक डाव भुताचा’. त्यात अशोक सराफ भूत आणि दिलीप प्रभावळकर गरीब स्वभावाचा मास्तर. असे दोन कसलेले गडी दोन्ही बाजूंना असताना मधल्या नायिकेचा कोळसाच व्हायचा. रंजनाचा झाला नाही. मग १९८३ चा ‘गुपचूप गुपचूप’, आणि १९८४ मध्ये ‘बिनकामाचा नवरा’ आणि ‘मुंबईचा फौजदार’. काल शेताच्या बांधावर डोळे पुसायला लावणारी बाई आज पोट धरून हसवते आहे, आणि दोन्ही वेळा खरीच वाटते.

हे तिला कसे साधत असेल? मला वाटते, ती हसवण्यासाठी म्हणून काही करतच नसे. तोंडे वेडीवाकडी करणे नाही, आवाज चिरका काढणे नाही. ‘बिनकामाचा नवरा’ पुन्हा बघाल तेव्हा नवऱ्याकडे न बघता बायकोकडे बघा. तिला संसाराची खरोखरीची काळजी आहे. घरात दाणा कसा येणार याची चिंता तिच्या कपाळावर दिसते, म्हणून तर नवऱ्याच्या सबबी ऐकताना आपल्याला हसू फुटते. ती स्वतः हसली असती तर आपले हसू तिथेच विरले असते. विनोदाचे आणि फोडणीचे एकच तंत्र आहे. तेल तापायच्या आधी मोहरी टाकली तर ती नुसती पडून राहते, उशीर झाला तर जळते. रंजनाची मोहरी नेमकी तडतडायची. ‘मुंबईचा फौजदार’मध्ये रवींद्र महाजनींसारख्या देखण्या फौजदाराच्या घरात खेड्यातली बायको म्हणून ती येते. हे काम भडक करायला किती सोपे होते! तिने त्या बाईचा मान कुठे सोडला नाही. आपण तिच्या गावंढळपणाला हसतो आणि तिच्या बाजूनेच हसतो.

आमच्याकडे त्या काळी सिनेमा म्हणजे जत्रेतला तंबू, नाहीतर पॅसेंजर पकडून भुसावळ गाठायचे. तंबूत बायकांची बाजू वेगळी, मधे कनात. घरी मोठ्याने हसायची सोय नव्हती. “बाईच्या जातीनं दात काढू नये,” हे वाक्य माझ्या आत्याने आयुष्यभर ऐकले आणि पुढे आम्हालाही ऐकवले. पण तीच आत्या तंबूतल्या अंधारात रंजनाने नवऱ्याला फैलावर घेतले की मोकळेपणी, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायची. कनातीपलीकडे तिचे यजमान बसलेले असत, तेही हसत! दुसऱ्या दिवशी चहा देताना दोघांपैकी कोणी त्याबद्दल अवाक्षर काढत नसे. पण सिनेमातल्या बायकोने जे बोलून टाकले होते ते घरात पोचले होते, एवढे खरे. सोसणाऱ्या नायिकेने आपल्याला पुष्कळ रडवले. पण नवऱ्याला चार शब्द सुनावता येतात आणि संसारही मोडत नाही, हे दाखवायला हसवणारीच लागली.

आणि मग १९८७ साल उजाडले. शूटिंगसाठी बेंगळूरला जात असताना रंजनाच्या मोटारीला अपघात झाला. जीव वाचला, पण ती पुन्हा स्वतःच्या पायांवर उभी राहू शकली नाही. वय अवघे बत्तिशीच्या घरात.

त्यानंतर मराठी विनोदी सिनेमाचे काय झाले, ते तुम्हाला ठाऊकच आहे. तो भरभरून चालला. १९८५ च्या ‘धूमधडाका’ने वारे फिरवलेच होते, १९८८ मध्ये ‘अशी ही बनवाबनवी’ आला आणि अजून घरोघरी लागतो. मलाही तो तोंडपाठ आहे, उगाच नाक कशाला मुरडू? पण एक गंमत तुमच्या लक्षात आली का? त्यात बायकांच्या वाट्याचे सगळ्यात मोठे हशे कोणी घेतले? साडी नेसलेल्या सचिन आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांनी! खऱ्या साड्या नेसलेल्या मुली गुणी होत्या, पण त्यांच्या वाट्याला नटणे आणि लाजणे आले. पुढे कितीतरी वर्षे विनोद पुरुषांचा आणि गाणी बायकांची, अशी वाटणीच पडून गेली. अपघात झाला नसता तर ही वाटणी झालीच नसती, असे मी म्हणणार नाही. सिनेमाचे वारे एका बाईने अडत नाही. पण “ही असताना साडी पुरुषाला कशाला नेसवता?” असे विचारायला ती समोर उभी असती.

सर्वांत मोठे नुकसान मला वाटते ते पुढच्या वर्षांचे. सुंदर दिसणाऱ्या नायिकेचे वय लवकर मोजायला लागतात, पण विनोदी नटीला वय आडवे येत नाही. उलट मुरलेल्या लोणच्यासारखी चव चढते. इंग्लंडमध्ये मार्गारेट रदरफोर्ड नावाची एक विनोदी अभिनेत्री होऊन गेली. जन्म १८९२ चा. ही बाई आधी पियानो आणि शब्दोच्चार शिकवून पोट भरायची. मावशी-आत्यांपैकी एकीने मागे ठेवलेला थोडा पैसा हाती आला तेव्हा कुठे धीर करून नाटकात गेली. रंगभूमीवर पहिले पाऊल टाकले १९२५ साली, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी. हनुवटी मोठी, अंग स्थूल, नायिकेचे म्हणून काही जवळ नाही. तरी ‘ब्लाइथ स्पिरिट’मध्ये भुतांशी बोलणाऱ्या बाईचे काम करून तिने लोकांना वेड लावले, सत्तरीच्या आगेमागे अगाथा ख्रिस्तीच्या मिस मार्पलची चार चित्रपटांत भूमिका केली, आणि १९६४ मध्ये, एकाहत्तराव्या वर्षी ऑस्कर मिळवला. म्हणजे पाहा, तिकडची बाई ज्या वयात पहिल्यांदा रंगमंचावर चढली, त्याच्या आतच आपल्या रंजनाचा पडदा खाली आला होता. पन्नाशीतली सासू रंजनाने कशी रंगवली असती! साठीतली आजी!

ती मात्र हातपाय गाळून बसली नाही. अपघातानंतर काही वर्षांनी ‘फक्त एकदाच’ या नाटकात तिने चाकाच्या खुर्चीत बसून काम केले. अंगातली निम्मी हत्यारे काढून घेतल्यावर लढण्यासारखेच ते. विनोद काय किंवा गंभीर काय, तिचे अर्धे बोलणे चालण्यात, वळण्यात, पदर खोचून ताडकन उभे राहण्यात होते. उरला चेहरा आणि आवाज. नाटकाच्या नावासारखेच झाले, त्यानंतर तिचे मोठे पुनरागमन झाले नाही.

३ मार्च २००० रोजी मुंबईत हृदयविकाराच्या झटक्याने ती गेली. पंचेचाळिशीही पुरी झाली नव्हती. पहिल्या नायिकेच्या भूमिकेपासून अपघातापर्यंत वर्षे मोजली तर बारा, आणि अपघातापासून मृत्यूपर्यंत मोजली तर तेरा. घराबाहेरच्या तिच्या दिवसांपेक्षा खुर्चीतले दिवस जास्त भरले. वत्सलाबाई मात्र लेकीमागे बावीस वर्षे जगल्या, २०२२ मध्ये गेल्या. नव्वदी ओलांडलेल्या त्या आईने घरातल्या टीव्हीवर लेकीचे सिनेमे पाहिले असतील की लागले की बंद करायला सांगितले असेल? आपण आया आहोत, म्हणून असले विचार मनात येतात.

तिच्यासोबत इतकी कामे केलेल्या अशोक सराफ यांना २०२३ चा महाराष्ट्रभूषण पुरस्कार जाहीर झाला, २०२५ मध्ये पद्मश्री. आनंदच झाला. त्यांच्या जुन्या चित्रफिती दाखवतात तेव्हा बाजूला उभी असलेली रंजना दोन-चार क्षण दिसून जाते.

२०२३ सालीच सहा बहिणींचा ‘बाईपण भारी देवा’ आला आणि बायका गटागटाने, गॉगल लावून, फोटो काढत थिएटरात गेल्या. भिशीचा मंडळ, महिला मंडळ, सगळ्या सासू-सुना! रोहिणी हट्टंगडी, वंदना गुप्ते यांच्यासारख्या साठी ओलांडलेल्या बायका कथेच्या मध्यभागी उभ्या राहून हसवत होत्या आणि रडवतही होत्या. आमच्या गावातल्याही काही जणी गाडी ठरवून जळगावला जाऊन आल्या. परतताना एक म्हातारी म्हणाली, “ह्या साऱ्या चांगल्याच हायेत वं माय, पन ती एक होती ना, बिनकामाच्या नवऱ्याची बायको...” आणि गाडीतल्या निम्म्या जणींनी एकदम नाव घेतले.

तेव्हा नळाला पाणी यायची वाट पाहत दुपारी बसून राहावे लागले की मोबाइलवर हे सिनेमे शोधा. आधी ‘बिनकामाचा नवरा’ लावा, मग ‘एक डाव भुताचा’. ‘अरे संसार संसार’ मात्र एकटीने, दार लोटून बघायचा आहे. आणि पहिला सिनेमा लावताना यजमान घरी असतील तर त्यांनाही हाक मारा.