तळेगावातून निघून गेलेलं

पुण्याजवळच्या तळेगावचा पत्ता देताना ‘गाव’ की ‘स्टेशन’ ते आधी सांगावं लागतं. 1858 साली पुण्याहून खंडाळ्याकडे रेल्वे धावली, तेव्हा रूळ वस्तीपासून लांबून गेले आणि एका तळेगावची दोन झाली. पण या गावातून गोष्टी निघून जाण्याची सुरुवात त्याच्याही सव्वाशे वर्षं आधीची. ती दाभाड्यांच्या घरातून झाली.

राजाराम महाराजांबरोबर जिंजीपर्यंत गेलेले खंडेराव दाभाडे 1717 मध्ये छत्रपती शाहूंचे सेनापती झाले. मुलूखगिरी गुजरातेत, घर तळेगावात. दर श्रावणात या घरी हजारो ब्राह्मण जमत. जेवणावळी कित्येक दिवस चालत. आज गावठाणात वाड्यांच्या जागी इमारती आल्यात, पंगतींची खूणही राहिलेली नाही.

ती पंगत मोडली गुजरातेतल्या डभोईला. खंडेराव 1729 मध्ये गेले, आणि 1 एप्रिल 1731 रोजी त्यांचा मुलगा त्रिंबकराव तिथे पेशवा बाजीरावाशी लढताना मारला गेला. शाहू महाराज स्वतः तळेगावला आले, बाजीरावाला त्रिंबकरावाची आई उमाबाई हिच्या पायांवर घातलं आणि तिच्या हाती तलवार देऊन सूड घे म्हणाले, असं सांगतात. तिने माफ केलं. कथा फार नीटस आहे, त्यामुळे मला तिचा थोडा संशयच येतो. वीसेक वर्षांनी हीच बाई राजारामांच्या विधवा राणी ताराबाईंच्या बाजूने पेशव्यांविरुद्ध उभी राहिली, हे मात्र कागदोपत्री आहे.

बाजीरावाने ती श्रावणातली प्रथा पुण्याला नेली. पुढे तीच रमण्यात ब्राह्मणांना वाटली जाणारी पेशव्यांची दक्षिणा झाली. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी त्या पैशातून 1821 मध्ये पुण्यात संस्कृत पाठशाळा काढली आणि नंतर दक्षिणा फेलोशिप सुरू केली. न्यायमूर्ती रानडे आणि संस्कृत पंडित भांडारकर हे दोघेही दक्षिणा फेलो. तळेगावच्या पंगतीतलं पान असं कुठल्या कुठे वाढलं गेलं.

दुसरी वाट बडोद्याला गेली. पिलाजी गायकवाड हे इथून जवळच्याच दावडीचे, दाभाड्यांचे मुतालिक, म्हणजे त्यांच्या वतीने कारभार पाहणारे. डभोईनंतर सेनापतिपद त्रिंबकरावाचा लहान भाऊ यशवंतराव याला मिळालं, पण गुजरातेतला जम गायकवाडांचा बसला. 1751 मध्ये नानासाहेब पेशव्याने पिलाजींचा मुलगा दमाजी आणि दाभाडे या दोघांनाही कैद केलं. दमाजी अर्धा गुजरात देऊन सुटला. सुटकेच्या अटींत एक कलम असंही होतं, की दाभाड्यांच्या निर्वाहासाठी त्याने दरसाल रक्कम द्यावी. ज्याच्या घरचं खाल्लं त्यालाच पोसायचं! एवढी बोचरी अट लिहिणाऱ्या कारकुनाचा हात थबकला असेल का?

उमाबाई 1753 मध्ये पुण्यात वारल्या. पण त्यांची आणि खंडेरावांची समाधी तळेगावात, बनेश्वराच्या देवळाशी आहे. गावात परत आलेलं एवढंच.

आणि हो, इंग्रज इथे टाकून गेले त्या तोफा. जानेवारी 1779 मध्ये मुंबईहून पुण्याकडे निघालेली त्यांची फौज तळेगावला पोचली, तेव्हा मराठ्यांनी पुढचा मुलूख उजाड करून ठेवला होता. दाणापाणी नाही म्हटल्यावर 11 तारखेच्या रात्री अवजड तोफा इथल्या तळ्यात ढकलून फौज मागे फिरली आणि वडगावला शरण आली. गावाच्या नावातल्या तळ्यात काही टाकून गेलेले पाहुणे तेवढेच.

दाभाड्यांच्या घराचा चेहरा बघायचा असेल तर इंदोरीला जावं, इंद्रायणीकाठच्या गढीवर. तटाची खालची बाजू घडीव दगडाची, वर पाहाल तर विटा. दरवाज्यावर गणपती, आत कडजाईचं देऊळ. मी गेलो तेव्हा तिथे चिटपाखरू नव्हतं. बाहेर तळेगाव-चाकण रस्त्यावर मात्र कंटेनरमागे कंटेनर उभे होते, हॉर्न वाजवत.