चार जीबीतला बंगला

सांगलीत मी आर्किटेक्ट आणि बिल्डरांसाठी थ्रीडी व्ह्यू करतो. घर उभं राहण्याआधी ते कसं दिसेल, त्याचं चित्र. हे काम शिकायला येणाऱ्या बऱ्याच मुलामुलींकडे थोरल्या भावाचा किंवा एखाद्या ऑफिसातून निघालेला जुना पीसी असतो. रेंडर लावला, म्हणजे मॉडेलचं चित्र करायला घेतलं, की मशीन हँग होतं आणि ब्लेंडर हे थ्रीडीचं सॉफ्टवेअर बंद पडतं. प्रोसेसर जुना असेल तर रेंडरला रात्रभर लागेल, पण सकाळी चित्र हातात पडेल. मेमरी पुरली नाही, तर चित्र होतच नाही. म्हणून मी त्यांना आधी मेमरीचा हिशेब शिकवतो.

पहिली मर्यादा ३२ बिटची. ३२ बिटांत मेमरीतल्या ४,२९,४९,६७,२९६ जागांनाच पत्ता देता येतो, म्हणजे ४ जीबी. त्यातले काही पत्ते ग्राफिक्स कार्ड आणि इतर हार्डवेअर अडवून बसतात. शिवाय ३२ बिट विंडोजवर एका प्रोग्रामच्या वाट्याला साधारणपणे २ जीबीच येतात. प्रोसेसर ६४ बिटचा असेल (कोअर टू ड्युओ असतो), तर ६४ बिटची सिस्टिम टाकली की ही अडचण संपते.

दुसरी मर्यादा मदरबोर्डची. इंटेलच्या जी-३१ चिपसेटचे बोर्ड एकेकाळी घरोघरी गेले. ते ४ जीबीच्या पुढे रॅम घेत नाहीत. रॅम विकत घेण्याआधी बोर्डाचा मॉडेल नंबर बघावा.

तिसरी ग्राफिक्स कार्डची. जुन्या कार्डावर रेंडर लावायचा, तर अख्खा सीन कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत मावावा लागतो. कार्ड १ जीबीचं असेल, तर पीसीतली ८ जीबी रॅम त्याच्या कामी येत नाही. अशा वेळी सरळ प्रोसेसरवर रेंडर लावावा.

आता मेमरी खातं कोण? सगळ्यात आधी टेक्श्चर, म्हणजे पृष्ठभागावर चढवलेले फोटो. फरशीचा ४०९६ बाय ४०९६ पिक्सेलचा फोटो जेपीजी असताना डिस्कवर काही एमबींचा असतो. रेंडरच्या वेळी तो उलगडतो, प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट लागतात आणि एकच फोटो ६४ एमबी घेतो. असे २० फोटो म्हणजे सव्वा जीबी. लांबच्या भिंतीचा फोटो २०४८ चा केला, तर १६ एमबीत भागतं आणि चित्रात फरक दिसत नाही.

मग सबडिव्हिजन, म्हणजे आकार गुळगुळीत करायला त्याच्या पृष्ठांचे बारीक भाग पाडणं. प्रत्येक पायरीला पृष्ठं चौपट होतात. ५,००० पृष्ठांचा सोफा तिसऱ्या पायरीला ३,२०,००० पृष्ठांचा होतो. तिसरं, झाडं. ब्लेंडरमध्ये शिफ्ट-डी दाबून नारळाचं झाड वाढवलं, तर प्रत्येक झाडाची भूमिती नव्याने साठते. ऑल्ट-डी दाबलं तर सगळी झाडं एकच भूमिती वापरतात.

चित्राचे तुकडे करून रेंडर केला की मेमरी वाचते, असं पुष्कळ जण मानतात. त्याने फार थोडी वाचते, कारण प्रत्येक तुकड्यासाठी सीन पूर्णच लोड होतो. खरी बचत सीन वाटून होते: मागची झाडं वेगळी, बंगला वेगळा, पुढची बाग वेगळी, आणि शेवटी तिन्हींची जोडणी.

ही काटकसर या कलेत मुरलेली आहे. १९८७ मध्ये रॉबर्ट कुक, लॉरेन कारपेंटर आणि एडविन कॅटमल यांनी ‘रेज’ नावाची रेंडरिंगची रीत मांडली. चित्राचा एक छोटा चौकोन घ्यायचा, त्यातले आकार बारीक कातरायचे, रंगवायचे, मेमरी मोकळी करून पुढच्या चौकोनाकडे वळायचं. पिक्सारचं रेंडरमॅन याच रीतीवर उभं राहिलं आणि १९९५ चा ‘टॉय स्टोरी’ त्यावरच रेंडर झाला.

नवा पीसी परवडत असेल तर जरूर घ्यावा. पण घरातली मुलगी जुन्या मशीनवर हे शिकू पाहत असेल, तर तिला थांबवू नका. ब्लेंडर फुकट मिळतं, आणि चार जीबीत नेटका बंगला बसवता आलेल्या कलाकाराचा सीन मोठ्या मशीनवरही हलकाच राहतो.