जपानला जावे, तर मॅटवरही उतरावे

आपल्या वस्त्यांमध्ये समाजमंदिरात, विहाराच्या अंगणात, शाळेच्या पटांगणात संध्याकाळी ज्युदो-कराटेचे वर्ग भरतात. पांढरा पोशाख घातलेली मुलेमुली रांगेत उभी राहून वाकून नमस्कार करतात. त्यातल्या एखाद्याच्या मनात येतेच की, ज्या देशात ही विद्या जन्मली तो देश एकदा पाहावा. मग कुणी तरी ‘जपान दर्शन आणि सात दिवसांत ब्लॅक बेल्ट’ असे रंगीत पत्रक घरी आणून देतो. बाप भिशीचा हिशेब करू लागतो, आई सोसायटीच्या कर्जाचा विचार करते. अशा घरांसाठी हे लिहीत आहोत.

पत्रकाचे आधी सांगून टाकतो. सात दिवसांत पट्टा मिळत असेल तर तो कमरेला बांधण्यापुरताच. जपानमध्ये पहिल्या डानला ‘शोदान’ म्हणतात, म्हणजे पहिली पायरी. तिथे काळा पट्टा म्हणजे आता कुठे शिकायला लायक झालात, एवढाच अर्थ. आपल्याकडे मात्र तोच पट्टा भिंतीवर टांगून क्लासची पाटी लागते.

आम्ही चौघे एकाच ज्युदो वर्गातले. दोघे कारखान्यात, एक रेल्वेत आणि चौथी नर्सिंग शिकणारी मुलगी. तीन वर्षे पैसे साठवून 2024 च्या नोव्हेंबरात दहा दिवसांसाठी गेलो. ठरवले होते की सकाळ-दुपार देश पाहायचा आणि संध्याकाळी मॅटवर उतरायचे. टोकियोपुरता हा बेत उत्तम जमतो, कारण कोदोकान शहराच्या मध्यात आहे आणि तिथला मोकळा सराव संध्याकाळी असतो.

कोदोकान म्हणजे ज्युदोचे माहेरघर. इमारतीपुढे संस्थापक जिगोरो कानो यांचा पुतळा आहे. मुख्य सभागृह सातव्या मजल्यावर, 420 तातामींचे. वरच्या मजल्यावरून पाहायला पैसे पडत नाहीत, तेव्हा ज्यांना खेळायचे नाही त्या आईवडिलांनीही जरूर जावे. परदेशी पाहुण्याला नाव नोंदवून, शुल्क भरून सराव करता येतो. पोशाख पांढरा, धुतलेला हवा आणि नखे कापलेली हवीत. चपला दाराशी नीट जोडून ठेवायच्या, आत शिरताना वाकायचे. आपल्या तालमीत पाऊल ठेवताना माती कपाळाला लावतात, तोच भाव. त्यामुळे आम्हाला तिथे परके वाटले नाही.

पहिल्या संध्याकाळी आमच्यातल्या सर्वांत दणकट गड्याला साठीच्या घरातल्या एका आजोबांनी अकरा वेळा पाडले. प्रत्येक वेळी हसून हात दिला. भाषा कळत नव्हती, पण हाताची पकड कुठे ढिली पडते ते त्यांनी बोटाने दाखवले. दहा दिवसांत आम्ही काय शिकलो असे कुणी विचारले तर नीट पडायला शिकलो, असेच सांगू. हे शिकणे स्वस्त नाही आणि थोडेही नाही.

कानो यांनी हे काम 1882 साली सुरू केले ते एका बुद्धविहारात. एइशोजी हे त्याचे नाव. बारा तातामींची जागा आणि मोजके शिष्य. हे मंदिर उएनोच्या पूर्वेला आहे, इनारिचो स्थानकाजवळ. पर्यटकांची बस तिथे थांबत नाही. तिथून असाकुसाच्या सेन्सोजी मंदिरापर्यंत चालत जाता येते. एका सकाळी दोन्ही पाहून झाली, खर्च मेट्रोच्या तिकिटाचा.

उएनोतच राष्ट्रीय संग्रहालय आहे. सामुराईंची चिलखते पाहायला गर्दी असते. आपल्या वाचकांनी ती पाहताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. चिलखताला, तलवारीच्या मुठीला, घोड्याच्या खोगिराला कातडे लागे. ते कमावणाऱ्या माणसांना मात्र गावाबाहेर ठेवले जाई. त्यांच्या वंशजांना आज बुराकु समाज म्हणतात. 1871 च्या फर्मानाने तो दर्जा कायद्याने रद्द झाला, पण लग्न आणि नोकरीच्या वेळी घराण्याची चौकशी पुढेही होत राहिली. काचेपुढे उभे राहून आम्हाला दुसरे काही सुचेना. तलवारीचा धनी कोण ते पाटीवर लिहिलेले असते, कातडे कुणी कमावले ते लिहिलेले नसते.

आमच्यातल्या मुलीला केइको फुकुदा यांच्याविषयी वाचून माहीत होते. 1913 साली जन्मलेल्या या बाई स्वतः कानो यांच्या शिष्या. 1953 मध्ये पाचवे डान मिळाले आणि तिथेच थांबवले गेले, कारण बाईला त्यापुढे नेण्याचा नियमच नव्हता. 1972 साली कोदोकानने त्यांना सहावे डान दिले. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. 2011 मध्ये, वयाच्या 98 व्या वर्षी, अमेरिकेतील संघटनेने त्यांना दहावे डान दिले. मुलींना ‘हे तुझे काम नाही’ म्हणणाऱ्या घरांत ही हकिकत मोठ्याने वाचावी.

एक दिवस कामाकुराला ठेवा. टोकियोहून रेल्वेने साधारण तासाभराचा रस्ता. किता-कामाकुरा स्थानकाला लागूनच एंगाकुजी आहे. मंगोल स्वारीत दोन्ही बाजूंनी मेलेल्यांच्या स्मरणार्थ 1282 साली हे मंदिर बांधले. शत्रूच्या मृतांसाठीही! त्याच आवारात ओकिनावाहून कराटे टोकियोत आणणाऱ्या गिचिन फुनाकोशी यांचा स्मृतिशिला आहे. कराटेवाला पहिला वार करत नाही, ही त्यांची शिकवण तिच्यावर कोरली आहे. पुढे हासेला उघड्या आकाशाखाली अमिताभ बुद्धाची 11 मीटरहून उंच कांस्यमूर्ती आहे. आम्ही तिथे तासभर नुसते बसलो. पावसाची भुरभुर होती, छत्र्या कुणाकडे नव्हत्या.

क्योतो-नाराला जायचे तर खिसा तपासा. परदेशी प्रवाशांचा सात दिवसांचा रेल्वे पास ऑक्टोबर 2023 मध्ये 29,650 येनवरून एकदम 50,000 येनवर गेला. टोकियो-क्योतो शिंकान्सेनचे एका बाजूचे तिकीट सुमारे 14 हजार येन. तेव्हा फक्त जाऊन येण्यासाठी पास घेणे म्हणजे तोटा. आम्ही रात्रीच्या बसने गेलो. पाठ अवघडली, पण एका रात्रीचे भाडे वाचले. क्योतोचे सांजुसांगेन्दो चुकवू नका. 1001 कान्नोन मूर्तींचे ते लांबलचक लाकडी सभागृह. जानेवारीत तिथे धनुर्विद्येचा मोठा मेळा भरतो, वीस वर्षांच्या मुली किमोनो घालून बाण सोडतात.

नाराच्या तोदाइजीत तर आपला माणूस भेटतो. तिथल्या पंधरा मीटर उंच बुद्धमूर्तीचा नेत्रोन्मीलन विधी 752 साली झाला, तो बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूच्या हस्ते. हा भिक्षू 736 साली जपानला पोचला होता. विमान नाही, पास नाही, परतीचे तिकीट तर नाहीच. वेळ असेल त्यांनी ओसाकाहून कोयासानही गाठावे. तिथल्या विद्यापीठात 2015 साली बाबासाहेबांचा पुतळा उभा राहिला आहे. आम्हाला दिवस पुरले नाहीत.

आता कामाच्या गोष्टी. पर्यटक व्हिसावर तिथे मजुरी-नोकरी करता येत नाही. ‘शिकता शिकता कमवा’ असे सांगणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवा. प्रवासाचा विमा घेताना खेळातली दुखापत त्यात धरली आहे का, ते वाचा. पुष्कळ पॉलिसींत कुस्ती-ज्युदोसारखे खेळ वगळलेले असतात, आणि परदेशात मोडलेल्या मनगटाचे बिल तीन वर्षांची बचत एका दिवसात गिळते. पोशाख दोन न्या, कारण घामाने भिजलेला एक दुसऱ्या दिवशीपर्यंत वाळत नाही. नाण्यांवर चालणारी धुलाई यंत्रे गल्लोगल्ली आहेत.

छोट्या दोजोत जायचे असेल तर आपल्या शिक्षकांकडून आधी पत्र लिहून घ्यावे. त्यात नाव, वय, किती वर्षे शिकता, पट्टा कोणता, येण्याची तारीख, एवढे साधेपणाने लिहावे. उत्तर यायला महिना लागू शकतो. उत्तर आले नाही तर दार ठोठावू नये, दुसरा दोजो शोधावा. आम्ही तीन पत्रे पाठवली, एकाचे उत्तर आले. त्यांनी सकाळी साडेसहाला बोलावले आणि सरावाआधी आम्हा चौघांच्या हाती फरशी पुसायची ओली फडकी दिली.