युद्धकालीन आणीबाणीत कार्यकारी सत्तेच्या मर्यादा : संझगिरी खटल्याच्या संदर्भात

युद्धकाळात नागरी स्वातंत्र्याचा संकोच होतो, हे राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत सांगितलेले असते. हा संकोच नेमका कोठे थांबतो, हा प्रश्न मात्र वर्गात क्वचितच विचारला जातो. त्याचे एक उत्तर मुंबईच्या तुरुंगात लिहिल्या गेलेल्या मराठी पुस्तकाच्या खटल्यात सापडते.

चीनच्या आक्रमणानंतर २६ ऑक्टोबर १९६२ रोजी कलम ३५२ अन्वये आणीबाणी घोषित झाली. लढाई महिनाभरात थांबली. आणीबाणी जानेवारी १९६८ पर्यंत चालली. कलम ३५९ खालील राष्ट्रपतींच्या आदेशाने कलम २१ व २२ मधील हक्कांसाठी न्यायालयात दाद मागण्याचा अधिकार स्थगित झाला. परंतु त्या आदेशात एक अट होती. संबंधित व्यक्तीचा हक्क भारत संरक्षण अध्यादेश अथवा त्याखालील नियम वा आदेश यांनुसारच हिरावलेला असला पाहिजे. साऱ्या प्रकरणाचे मर्म या एका अटीत आहे.

प्रभाकर संझगिरी भारत संरक्षण नियमांखाली मुंबई जिल्हा कारागृहात स्थानबद्ध होते. तेथे शासनाच्या परवानगीनेच त्यांनी अणूविषयी पुस्तक लिहिले. ते निव्वळ विज्ञानविषयक होते. तरीही हस्तलिखित प्रकाशनार्थ बाहेर पाठविण्याची विनंती राज्य शासनाने मार्च १९६५ मध्ये फेटाळली. उच्च न्यायालयाने संझगिरींच्या बाजूने निर्णय दिला आणि शासन सर्वोच्च न्यायालयात गेले. स्थानबद्धाला नियमांत नमूद सवलतींपलीकडे काहीही मागता येत नाही, असा शासनाचा युक्तिवाद होता. न्या. सुब्बा राव यांनी तो अमान्य केला. तो स्वीकारल्यास, नियमांत अन्नाची तरतूद नसेल तर स्थानबद्धाला उपाशी ठेवणेही वैध ठरेल, असे त्यांनी दाखवून दिले. नियमांत प्रकाशनास मनाई नव्हती, म्हणून शासनाची कृती त्या नियमांनुसार नव्हती आणि न्यायालयाचे दार खुले राहिले. हा निकाल ६ सप्टेंबर १९६५ रोजी लागला. त्याच दिवशी भारतीय सैन्याने लाहोरच्या दिशेने सीमा ओलांडली होती. युद्धाच्या ऐन धामधुमीत न्यायालय शासनाला त्याच्याच नियमांचा अर्थ सांगत होते, ही बाब लक्षणीय आहे.

२७ जून १९७५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशात मात्र ही अट नव्हती. जबलपूर खटल्यात (२८ एप्रिल १९७६) चार न्यायमूर्तींच्या बहुमताने नेमका हाच फरक महत्त्वाचा मानला आणि स्थानबद्धांना न्यायालयाचे दार बंद झाले. न्या. ह. रा. खन्ना यांचे मत एकटे पडले. जबलपूर निकाल आपण आवर्जून शिकवतो. संझगिरी निकालाशिवाय तो अर्धाच समजतो, असे प्रस्तुत लेखिकेचे मत आहे.

१९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने कलम २० व २१ यांना अशा स्थगितीतून वगळले. २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात जबलपूर निकाल रद्दबातल ठरला. तथापि युद्ध वा परकीय आक्रमणाच्या कारणास्तव आणीबाणी आल्यास कलम १९ आजही आपोआप निष्प्रभ होते. अर्थात, संबंधित कायद्यातच आपण त्या घोषणेशी निगडित असल्याचा उल्लेख असावा लागतो, आणि कार्यकारी कृतीला संरक्षण मिळते ते अशा कायद्याखाली ती केलेली असेल तरच.