टायटॅनिकचीं छायाचित्रें

एखाद्या प्रसंगाचें छायाचित्र पाहिलें म्हणजे तो प्रसंग आपण प्रत्यक्षच पाहिला असें मनास वाटूं लागतें. टायटॅनिक जहाजाच्या बाबतींत ही समजूत विशेष दृढ आहे. पाण्याबाहेर उचललेला पिछाडीचा भाग, चार धुराडीं, दिव्यांच्या रांगा, हें दृश्य बहुतेकांच्या डोळ्यांपुढें उभें असतें. परंतु तें चित्रकारांनीं रंगविलेलें किंवा पुढें चित्रपटांत रचलेलें आहे. १४ एप्रिल १९१२ च्या रात्रीं ११ वाजून ४० मिनिटांनीं जहाजाची हिमनगाशीं टक्कर झाली, आणि २ वाजून २० मिनिटांनीं तें अटलांटिकच्या पोटांत गेलें. रात्र चंद्राविण होती. बुडणाऱ्या टायटॅनिकचें एकही छायाचित्र अस्तित्वांत नाहीं. मग जीं छायाचित्रें आपण पाहतों, तीं कशाचीं?

त्यांतील पुष्कळशीं टायटॅनिकचीं नाहींतच. बेलफास्टच्या हार्लंड आणि वुल्फ या कारखान्यांत दोन जहाजें शेजारीं शेजारीं बांधलीं जात होतीं. थोरलें ऑलिंपिक, तें २० ऑक्टोबर १९१० रोजीं पाण्यांत लोटलें गेलें. टायटॅनिकची पाळी ३१ मे १९११ रोजीं आली. छायाचित्र उठून दिसावें म्हणून ऑलिंपिकला त्या दिवसापुरता फिकट रंग दिला होता. थोरल्या लेकीचें कौतुक अधिक, हा न्याय जहाजांनाही लागू पडतो. धाकटीच्या वाट्यास छायाचित्रें फार थोडीं आलीं, आणि अपघाताची वार्ता येतांच वर्तमानपत्रांनीं हातीं असलेलीं ऑलिंपिकचींच छापलीं. चलच्चित्रवाल्यांनीं तर याहून पुढें मजल मारली. ओढबोटींवरील नांवें फिल्मवर खरडून टाकून त्यांनीं ऑलिंपिकलाच टायटॅनिक म्हणून पडद्यावर आणलें. टायटॅनिकचा म्हणून दाखविला जाणारा तो सुप्रसिद्ध भव्य जिनाही ऑलिंपिकवरचाच आहे. खूण सांगावयाची तर, वरच्या फिरण्याच्या सज्जाची पुढील अर्धी बाजू खिडक्यांनीं बंद केलेली दिसली तर तें टायटॅनिक. सज्जा संपूर्ण उघडा असला तर ऑलिंपिक.

खऱ्या छायाचित्रांचा मोठा ठेवा एका आयरिश गृहस्थाचा आहे. फ्रान्सिस ब्राउन हे त्या वेळीं ३२ वर्षांचे, जेसुइट संघांत धर्मशास्त्राचें अध्ययन करणारे. त्यांच्या चुलत्यांनीं, जे स्वतः बिशप होते, त्यांना साउथॅम्प्टनहून आयर्लंडमधील क्वीन्सटाउनपर्यंतचें तिकीट भेट दिलें. प्रवासांत एका धनिक अमेरिकन दांपत्याशीं ओळख झाली व त्यांनीं न्यूयॉर्कपर्यंतचा खर्च करण्याची तयारी दाखविली. ब्राउन यांनीं तारेनें वरिष्ठांची अनुज्ञा मागितली. जहाजावरून तत्काळ उतरावें, एवढेंच उत्तर आलें. ११ एप्रिलला ते उतरले, आणि त्यांच्याबरोबर त्यांचा कॅमेराही उतरला. क्वीन्सटाउन सुटल्यानंतर जहाजावर कोणी छायाचित्रें काढलीं असतीलही. परंतु तीं समुद्रतळाशीं गेलीं.

ब्राउन यांचीं हीं चित्रें साधीं आहेत, आणि म्हणूनच तीं पाहतांना जीव गलबलतो. सज्जावर एक सहा वर्षांचा मुलगा भोंवरा फिरवीत आहे, मोठीं माणसें पाहत उभीं आहेत. तो मुलगा वांचला. पण १९१५ मध्यें मोटारीच्या अपघातांत गेला. दुसऱ्या एका चित्रांत बिनतारी संदेशाची खोली दिसते. एकाच फिल्मवर चुकून दोनदां प्रकाश पडल्यामुळें तें धूसर झालें आहे. तरीही त्या खोलीचें दुसरें चित्रच नसल्यामुळें या धूसर कागदास रत्नाचें मोल आहे. ब्राउन १९६० सालीं वारले, व त्यांच्या सुमारें ४२,००० निगेटिव्हांनीं भरलेली पेटी १९८५ सालीं एका जेसुइट बंधूंच्या हातीं लागली.

दुर्घटनेनंतरचीं चित्रें कार्पेथिया या मदतीस धांवलेल्या जहाजावरील उतारूंनीं काढलीं. बर्निस पामर या १७ वर्षांच्या कॅनेडियन मुलीजवळ एक साधा ब्राउनी कॅमेरा होता. तिनें वांचलेल्या माणसांचीं व एका हिमनगाचीं छायाचित्रें घेतलीं, आणि एका वृत्तचित्रसंस्थेनें तीं अवघ्या १० डॉलरांत पदरांत पाडून घेतलीं! इतर उतारूंच्या चित्रांतून जीवनौका कार्पेथियाकडे येतांना दिसतात. त्यांकडे पाहतांना हिशेब आठवावा. जहाजावर सुमारें २,२०० माणसें, नौका २०, आणि त्यांतील जागा १,१७८. त्याही भरल्या गेल्या नाहींत. ४० जणांच्या एका नौकेंत केवळ १२ माणसें होतीं. सुमारें १,५०० जीव गेले.

हिमनगाचीं म्हणून अनेक चित्रें फिरतात. त्यांतील एक, प्रिन्झ आडलबर्ट या जर्मन जहाजाच्या मुख्य स्ट्यूअर्डनें १५ एप्रिलच्या सकाळीं घेतलेलें, विशेष विचारार्ह आहे. कारण अपघाताची वार्ता कानीं येण्यापूर्वींच त्याला बर्फाच्या तळाशीं तांबड्या रंगाचा पट्टा दिसला होता. गुन्हेगार तोच होता असें मात्र मी छातीठोकपणें म्हणणार नाहीं.

चित्र नसल्याचा खरा फटका बसला तो वांचलेल्यांच्या शब्दाला. जहाज बुडण्यापूर्वीं दुभंगलें, असें अनेकांनीं सांगितलें. जॅक थेअर या १७ वर्षांच्या तरुणाच्या सांगण्यावरून कार्पेथियावर रेखाचित्रेंही काढलीं गेलीं, व त्यांत जहाज तुटलेलें दाखविलें होतें. परंतु दुसरे अधिकारी लाइटोलर यांनीं तें अखंड बुडालें अशी साक्ष दिली, आणि लॉर्ड मर्सी यांच्या चौकशीनेंही तोच निष्कर्ष काढला. ज्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें, त्यांचें म्हणणें भेदरलेल्या मनाचा भ्रम ठरलें. त्यांतील बहुतेक जण हा कलंक घेऊनच वारले.

१ सप्टेंबर १९८५ च्या पहाटे रॉबर्ट बॅलार्ड व झां-लुई मिशेल यांच्या पथकाचा कॅमेरा सुमारें १२,५०० फूट खोल पाण्यांत तळावरून ओढला जात असतां पडद्यावर एक वर्तुळाकार लोखंडी वस्तु आली. पुढें पुढचा व मागचा भाग एकमेकांपासून सुमारें २,००० फुटांवर पडलेले आढळले. जहाज दुभंगलेंच होतें. पण त्या पहाटे, ही वस्तु कोणत्या जहाजाची, हेंच प्रथम ठरवावयाचें होतें. तेव्हां मिशेल यांनीं १९११ सालच्या एका प्रकाशनांतील छायाचित्र उघडलें. त्यांत टायटॅनिकचे बाष्पक दाखविलेले होते. भट्टीचीं तींच तीन तोंडें, त्याच रिव्हेटांच्या ओळी.