रमाबाईंची अमेरिका

जुन्या मराठी प्रवासवर्णनांचा विषय निघाला की गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ चटकन आठवतो. पंडिता रमाबाईंचे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ मात्र समाजसुधारणेच्या खात्यात जमा होते. १८८९ सालचे हे पुस्तक अव्वल दर्जाचे प्रवासवर्णन आहे, असे माझे ठाम मत आहे. ते पटण्यासाठी प्रवास म्हणजे स्थळदर्शन ही समजूत तेवढी बाजूला ठेवावी लागते.

रमाबाई १८८६च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाला पोचल्या त्या आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी. राहिल्या मात्र जवळजवळ तीन वर्षे. विधवांच्या शाळेसाठी निधी जमवत, व्याख्याने देत त्या शहरोशहरी फिरल्या. १८८७ मध्ये त्यांनी तिथल्या वाचकांसाठी ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ इंग्रजीत लिहून इथल्या बायकांचे जिणे मांडले. मायदेशी आल्यावर तिकडची लोकस्थिती मराठीत प्रसिद्ध केली. ही दोन पुस्तके शेजारी ठेवली की प्रवासाचा हेतू उघड होतो: इकडचे तिकडे कळावे आणि तिकडचे इकडे उपयोगी पडावे. म्हणून तर राज्यव्यवस्था, घरसंसार, शिक्षण, व्यापार अशी प्रकरणे पडली आहेत. त्यांतले स्त्रियांच्या स्थितीवरचे प्रकरण विशेष भरघोस आहे. बायकांनी कॉलेजांची दारे कशी उघडायला लावली, वैद्यकी शिकताना केवढा विरोध सोसला, दारूबंदीसाठी फ्रान्सिस विलर्ड यांच्या संघटनेने काम कसे उभे केले, हे त्या बारकाईने सांगतात. ज्या वाचकांना स्वतः बोटीत बसणे जन्मात शक्य नव्हते, त्यांना याच माहितीची गरज होती.

यावर कोणी म्हणेल, यातला बराच मजकूर वाचून मिळवलेला आहे. आहेच, पण कुठे काय वाचायचे आणि त्यातले कोणापुढे ठेवायचे, हे त्यांना तिथल्या मुक्कामातच उमगले. त्या अमेरिकेवर भाळल्या होत्या, हा दुसरा आक्षेप. कौतुक भरपूर आहे, यात शंका नाही. तरी मूळ रहिवाशांवरचा अन्याय, गुलामगिरी आणि वर्णभेद त्यांनी झाकून ठेवलेले नाहीत. तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो: एवढ्या पुस्तकात रमाबाई स्वतः फार थोड्या दिसतात. पण १८८३ मध्ये इंग्लंडात ख्रिस्ती झालेल्या या विधवेच्या प्रत्येक पावलावर इथे टीका होत होती. स्वतःबद्दल लिहिले असते तर चर्चा तिच्या वागण्याची झाली असती, अमेरिकेतल्या बायकांच्या झुंजीची नव्हे. तो मोकळेपणा पुढच्या पिढीत आला. हिंगण्याच्या आश्रमासाठी १९१८ मध्ये अमेरिकेला गेलेल्या पार्वतीबाई आठवले यांनी परक्या घरांत मोलकरणीचे काम केले आणि १९२८च्या ‘माझी कहाणी’त ते सरळ लिहूनही टाकले.