ओटीपोटातले अचानक दुखणे : ‘पाळीचेच असेल’ म्हणून अंगावर काढू नका

बाईच्या पोटात दुखायला लागले की घरात कारणे ठरलेली असतात. पाळी आली असेल, नाहीतर वात धरला असेल. मग ओव्याचा काढा, गरम पाण्याची पिशवी, दुकानातली गोळी. तरी थांबले नाही तर कोणी अंगाराही आणते. बहुतेक वेळा दुखणे साधेच निघते आणि म्हणूनच जे साधे नसते ते नजरेतून सुटते.

बाई सांगत नाही आणि तिला कोणी तपासत नाही, ही जुनीच गोष्ट आहे. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. शंभरात ९२ जणींना काही ना काही स्त्रीरोग होता. पूर्वी कधी तशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८.

माता-भगिनींनो, क्वचित होणारी, पण घात करणारी ही तीन दुखणी ओळखून ठेवा.

पहिले, नळीतला गर्भ. गर्भ पिशवीत न राहता नळीत वाढतो आणि नळी फुटते. पाळी चुकलेली, थोडे अंगावरून जाणे, एका बाजूला कळ, घेरी, कधी खांद्यातही दुखणे. पोटात रक्तस्राव होऊन काही तासांत जीव जाऊ शकतो. ‘माझे ऑपरेशन झाले आहे, दिवस कसे राहतील?’ असे म्हणू नका. कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशननंतर दिवस राहणे विरळाच. पण राहिलेच तर गर्भ नळीत असण्याचा धोका जास्त असतो.

दुसरे, अंडाशयाला पडलेला पीळ. बहुधा अंडाशयावर गाठ असते. एकाएकी एका बाजूला जोराची कळ येते, उलट्या होतात. कळ मधेच कमी होते आणि घरचे निर्धास्त होतात. उजवीकडे दुखले तर अपेंडिक्स वाटते. हे पाळी न आलेल्या लहान मुलीलाही होते. वेळेत पीळ सोडवला तर अंडाशय वाचते. सोनोग्राफीत रक्तपुरवठा चालू दिसला तरी पीळ नाहीच असे ठरत नाही. शंका असेल तर डॉक्टर दुर्बिणीतून पाहतात.

तिसरे, अडलेली पाळी. मुलगी चौदा-पंधरा वर्षांची, अंग भरलेले, पण पाळी आलेली नाही. दर महिन्याला ओटीपोट दुखते, कधी लघवीही तुंबते. काही मुलींत योनीमार्गाचा पडदा जन्मतः बंद असतो आणि पाळीचे रक्त आतच साठते. हजार-दोन हजार मुलींत एखादीला असे होते. उपाय लहानशा शस्त्रक्रियेचा. तिला बाधा झालेली नसते आणि तिचा काही दोषही नसतो.

दवाखान्यात गेल्यावर चार गोष्टी स्वतःहून सांगा : शेवटची पाळी कधी आली, दुखणे किती वाजता व कोणत्या बाजूला सुरू झाले, उलटी किंवा चक्कर आली का, पूर्वी कोणते ऑपरेशन झाले. लघवीची गर्भतपासणी आणि सोनोग्राफी करायची का, हे विचारा. मुलगी अविवाहित असली तरी या तपासणीला लाजू नका. डॉक्टरांशी तिला एकटीने बोलू द्या. सासूसमोर किंवा वडिलांसमोर ती खरे सांगेलच असे नाही.

धोमच्या वरच्या अंगाला जोर खोऱ्यात राहणाऱ्यांनी तर वेळेचा हिशेब आधीच करावा. आधी वाई, आणि तिथे सोय नसेल तर पुढे सुमारे ३५ किलोमीटरवर सातारा. कळ, उलट्या, चक्कर एकत्र दिसली तर सकाळच्या एसटीची वाट पाहू नका. १०८ या क्रमांकावर फोन केल्यास सरकारी रुग्णवाहिका मोफत मिळते.

आणखी एक इशारा. पोट दुखते म्हणून ‘पिशवीच काढून टाकू’ असे कोणी म्हणाले तर थांबा. बीड जिल्ह्यात २०१९ साली ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांची सरकारी पाहणी झाली, तेव्हा १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. ऊसतोडीच्या टोळ्या कृष्णाकाठीही येतात. आधी निदान काय ते विचारा, रिपोर्ट हातात घ्या, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. मात्र अचानक उठलेल्या कळेच्या वेळी उशीर नको. तेव्हा बाईने ‘सहन होत नाही’ म्हटले की घरातल्यांनी उठून गाडी बघावी.